सक्ती हवीच, पण शेजाऱ्यावर

सार्वजनिक प्रश्नावर मत नाही असा माणूस हल्ली लग्नाच्या पंगतीतही कोणी शेजारी बसवून घेत नाही. तेव्हा मत बाळगाच. फक्त ते कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, याची थोडी तयारी हवी.

सुरुवात हेल्मेटपासून करा. पुण्यात तरी हा विषय बारमाही आहे. हेल्मेट घालायला सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हे १९८८ च्या कायद्यातलं. पण तुम्ही मात्र कायदा काल रात्रीच झाला आणि तोही तुम्हाला न विचारता, अशा थाटात बोला. १ जानेवारी २०१९ ला पुणे पोलिसांनी धडाक्यात कारवाई सुरू केली, तेव्हा विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते. त्यामुळे परंपरा तुमच्या पाठीशी आहे. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि शहरात गाडी तिशीच्या वर जातेच कुठे, हे सगळं एका दमात म्हणा, समोरच्याला मध्ये तोंड घालू देऊ नका. शेवटचं कारण जरा जपून. 'कात्रजहून दहा मिनिटांत आलो' हे वाक्य त्याच बैठकीत आधी तुमच्याच तोंडून गेलेलं असतं.

हेल्मेट विकत घेतलेलं असावं, पण कोपरात अडकवलेलं. बाकीचा वेळ त्यात कोथिंबीर छान राहते. चौकात पांढरा शर्ट दिसला की डोक्यावर ठेवा. पट्टा लावू नका. कायद्यात पट्टा नीट बांधण्याचंही लिहिलंय, पण बांधला की सक्ती मान्य केल्यासारखं होतं. मागे बसणाऱ्यालाही हाच नियम आहे, हा विषय कोणी काढलाच तर हसून टाळा. एवढी वर्षं वाद चाललाय, पण मागे बसलेल्या वहिनींच्या डोक्याबद्दल दोन्ही बाजू सारख्याच गप्प.

एक हुकमाचा पत्ता राखून ठेवा. पगडी बांधणाऱ्या शिखांना या कलमातून सूट आहे. ते कळलं की लगेच पुणेरी पगडी काढायची. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, मग आम्हालाही सूट द्या! आता ती पगडी तुमच्या डोक्यावर सत्काराखेरीज कधी चढली नाही, ही बाब वेगळी.

भाषण संपलं की चहा सांगा. चहा येईपर्यंत विषय बदला आणि मतही. आता दुकानांच्या पाट्या घ्या. इथे तुम्ही सक्तीचे कट्टर पुरस्कर्ते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तर न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिने दिले आणि कज्ज्यावर खर्च करण्यापेक्षा पाट्यांवर करा, असंही सुनावलं. हे वाचून दाखवताना आवाज चढलाच पाहिजे. मात्र बोलताना तोंड दुकानाकडे ठेवा, आपल्या सोसायटीच्या कमानीकडे नको. तिथलं नाव इंग्लंडातल्या कुठल्याशा बागेचं आहे, आणि ते ठरवणाऱ्या सभेत अनुमोदक तुम्हीच होता. (पाट्या मराठीत हव्यात, हे माझंही मत आहे. म्हणून तर तुमच्यासारखे पाठीराखे बघून धाकधूक होते.)

एवढ्यात कोणी पहिलीपासूनच्या हिंदीचा विषय काढेल. झटकन पुन्हा स्वातंत्र्यवादी व्हा. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, जूनमध्ये बदलला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेतली किमान २० पोरं जमवा, असा पर्याय त्यात होता. म्हणजे निवड तुमची, फक्त आणखी १९ घरं तुमच्या मताची हवीत. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. कोवळ्या पोरांवर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हा मुद्दा बिनतोड आहे. तो मांडून झाला की भाजी आणायला जा आणि सवयीने विचारा, 'भैया, भेंडी कैसा दिया?' तो म्हणेल, 'चाळीसला अर्धा किलो, काका. कोवळी आहे.' यावर पुन्हा हिंदीतच घासाघीस करा. माघार घेतलीत की भाव वाढतो.

तुम्ही पलीकडच्या बाजूचे असाल तर 'भाषा शिकल्याने ज्ञानच वाढतं हो' एवढंच म्हणा. लखनौच्या पोरांचं ज्ञान मराठीने वाढवायचं का, असं कोणी विचारलं तर 'मुद्दा तो नाहीये' म्हणून उठा.

राहता राहिला भोंगा. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, असा नियम आहे. राज्य सरकार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपल्या मंडळाचा आवाज ही संस्कृती, आणि पलीकडच्या गल्लीतला तोच आवाज ध्वनिप्रदूषण, एवढं पाठ असलं की झालं. अडचण एकच: आपलं मंडळ आपल्याच खिडकीखाली असतं. दहा वाजून गेले, काचा थरथरायला लागल्या, की दिवा मालवून ११२ ला फोन लावा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, म्हणून दोनदा बजावा. सकाळी खाली उतरलात की पोरांच्या खांद्यावर हात टाका आणि म्हणा, 'कोणी केली रे तक्रार? लोकांना सणावाराचं काही राहिलेलंच नाही बघ.'