‘कडक गोळी’च्या मेसेजला उत्तर

मी सोलापुरात नर्सिंग आणि डी. फार्मच्या मुलामुलींना औषधशास्त्र शिकवते. गेल्या पंधरवड्यात पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच मेसेज दोन दिवसांनी आमच्या सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही दिसला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. जितके एमजी जास्त, तितकी गोळी कडक. गोळीपेक्षा इंजेक्शन भारी, आणि सलाईननं ताकद येते. बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून लावूनच घेऊ नका. औषध अंगात साठत जातं आणि किडनी घालवतं. झाडपाल्याचं औषध कधीच अपाय करत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं हे वाचलं आणि बीपीची गोळी बंद केली. त्या विड्या वळतात, दिवसभर बसून काम. मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आईला काय सांगू? मेसेज तर मीच पाठवला होता.” हे उत्तर तिच्यासाठी लिहायला घेतलं. तिच्यासारखे पाठवणारे पुष्कळ आहेत, म्हणून सगळ्यांसमोर ठेवते.

“जितके एमजी जास्त, तितकी गोळी कडक”

नवी पेठेतल्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं तरी ‘जरा कडक द्या’ हे कानावर येतं. एमजी म्हणजे मिलिग्रॅम, म्हणजे फक्त वजन. थायरॉइडची गोळी १०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे ०.१ एमजी. मधुमेहातली मेटफॉर्मिन ५०० एमजीची. वजनात पाच हजार पटींचा फरक आहे, पण म्हणून थायरॉइडची गोळी मिळमिळीत ठरत नाही. ती चुकून दुप्पट-तिप्पट घेतली जात राहिली तर छाती धडधडते, वजन उतरतं, हाडं झिजतात.

इथं दोन कल्पना वेगळ्या करायला हव्यात, आणि परीक्षेतही मुलं नेमकी इथंच घसरतात. ठरावीक परिणामासाठी औषध किती लागतं, ही झाली पोटन्सी. ते औषध जास्तीत जास्त किती परिणाम करू शकतं, ही झाली एफिकसी. लघवी वाढवणारी औषधं घ्या. फ्रुसेमाइड ४० एमजी, टोरसेमाइड २० एमजी आणि ब्युमेटनाइड १ एमजी यांचं काम साधारण सारखंच होतं. एमजी कमी-जास्त आहेत ते पोटन्सीमुळे, आणि रुग्णाच्या दृष्टीनं त्यात फारसं काही नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड मात्र कितीही वाढवलं तरी फ्रुसेमाइडइतकं मीठ-पाणी बाहेर काढू शकत नाही, कारण किडनीत त्याची काम करण्याची जागाच वेगळी आहे आणि तिथं मुळात थोडंच मीठ रक्तात परत घेतलं जातं. हा फरक एफिकसीचा. डॉक्टर औषध निवडताना याकडे बघतात. गोळीच्या पाकिटावरच्या आकड्यात हे दिसत नाही.

एकाच औषधाचे एमजी वाढवले तर परिणाम वाढतो, हे खरं. पण कुठवर? पॅरासिटामॉलचं बघू, कारण ते प्रत्येक घरात आहे. धडधाकट प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. यकृताचा आजार असेल, दारू असेल, वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते. आता ताप आलेल्या माणसाचा हिशेब करा. ६५० एमजीच्या चार गोळ्या म्हणजे २६०० एमजी. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तीत प्रत्येकी ५०० एमजी पॅरासिटामॉल, म्हणजे आणखी १५०० एमजी. अंग दुखतंय म्हणून दोन औषधं एकत्र असलेली दुखण्याची गोळी दोनदा, तीत ३२५ एमजी, म्हणजे ६५०. बेरीज ४७५० एमजी. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग, आणि आत तेच औषध. माणसाला वाटतं की आपण तीन आजारांवर तीन औषधं घेतली.

यकृत पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून बाहेर काढतं. थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो, आणि तो निकामी करायला यकृताकडे ग्लुटाथायोन असतं. डोस फार वाढला की ग्लुटाथायोन संपतं, आणि तो विषारी पदार्थ यकृताच्या पेशी मारू लागतो. भीती याची वाटते की पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो; थोडी मळमळ, एखादी उलटी, इतकंच. तोच वेळ सिव्हिल गाठण्याचा असतो, कारण असिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो. कावीळ दिसेपर्यंत थांबलं तर फार उशीर झालेला असतो.

“गोळीपेक्षा इंजेक्शन भारी, सलाईननं ताकद येते”

तोंडानं घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात जाते, पण आधी तिला यकृतातून जावं लागतं. वाटेत यकृत काही भाग मोडून टाकतं. जो भाग शाबूत रक्तात पोहोचतो, ती बायोअव्हेलेबिलिटी. बीपी-हृदयासाठीच्या प्रोप्रॅनोलॉलचा साधारण पावच भाग पोहोचतो, म्हणून शिरेतून १ एमजी आणि तोंडानं ४० एमजी असे डोस दिसतात. छातीत कळ आल्यावरची नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात तीही यकृताची वाट टाळण्यासाठीच. उलट मेट्रोनिडॅझोल, लिव्होफ्लॉक्सॅसिन, लिनेझोलिड ही जंतुसंसर्गावरची औषधं तोंडानंही जवळजवळ पूर्ण पोहोचतात. रुग्ण गिळू शकत असेल, उलट्या नसतील, तर यांचं इंजेक्शन देऊन हाती जास्तीचं काही लागत नाही. सुईची गाठ, शिरेची सूज आणि खर्च तेवढा वाढतो. आणि एक उदाहरण मुलांना नेहमी आवडतं: व्हँकोमायसिन तोंडानं दिलं तर रक्तात जवळपास शोषलंच जात नाही, आणि म्हणूनच मोठ्या आतड्यातल्या एका जंतुसंसर्गावर ते मुद्दाम तोंडानं देतात.

सलाईनबद्दल माझं मन कळवळतं, कारण हातावरचं पोट असलेली माणसं दोन दिवसांची मजुरी त्यात घालतात. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. कॅलरी शून्य. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीच्या माणसाला ‘ताकदीसाठी’ अशी बाटली लावणं म्हणजे जवळपास दिवसभराचं मीठ शिरेतून देणं. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त मिळतात. जुलाबानं पाणी गेलं असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल, तर ओआरएस, म्हणजे ठरावीक प्रमाणातलं मीठ-साखरेचं पाणी, पुरतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून लोकांना वाचवलं होतं. सलाईन लागतंच अशी वेळ येते, पण ती पाणी फार कमी झाल्याची, रक्तदाब कोसळल्याची, तोंडानं काही राहत नसल्याची.

“बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही”

आधी त्या आईंचा अनुभव सांगते, कारण तो अनेकांचा आहे. गोळी बंद केल्यावर दोन दिवस काहीच झालं नाही. त्यामुळे मेसेज खरा वाटला. त्या घेत होत्या अम्लोडिपिन. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. याला अर्धायुष्य म्हणतात. दोन दिवसांनंतरही साधारण निम्मं औषध अंगात काम करत होतं. म्हणजे औषध सोडूनही बरं वाटत होतं ते त्या औषधामुळेच. आठवड्यानं बीपी पुन्हा वर गेलं, आणि तेव्हाही त्यांना काही जाणवलं नव्हतं. बीपी बहुतेक वेळा काही जाणवू देत नाही.

हेच गणित उलट बाजूनंही लागतं. रोज गोळी घेतली की प्रमाण स्थिर व्हायला चार ते पाच अर्धायुष्यं जातात, अम्लोडिपिनला आठवडाभर. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून स्वतःच दोन गोळ्या सुरू करणारे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

गोळी थांबवल्यावर वाढलेलं बीपी हे आधीचंच बीपी असतं. त्याला सवय म्हणत नाहीत. सवय लागणं काय असतं ते झोपेसाठी, घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांत दिसतं: तोच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागतो, थांबवलं की अस्वस्थता, थरथर, कधी फिटचे झटकेसुद्धा. काही बीपीच्या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं आहे हेही खरं. क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उसळतं. हृदयविकार असलेल्यानं मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल एकदम सोडलं तर छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. पण याचा अर्थ मेसेज सांगतो त्याच्या नेमका उलट निघतो. मनानं थांबवू नका. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर गोळी कमी करतात, कधी बंदही करतात. मी असं होताना पाहिलं आहे.

“औषध अंगात साठतं आणि किडनी घालवतं”

साठत जातं हे चूक. प्रत्येक अर्धायुष्यात निम्मं बाहेर जातं: ५०, २५, १२.५, ६.२५, आणि पाचव्या वेळी सुमारे ३ टक्के उरतात. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन ते तीन तास, म्हणून सकाळची गोळी रात्रीपर्यंत जवळपास निघून जाते. रोज घेतल्या जाणाऱ्या औषधाचं प्रमाण आधी वाढतं आणि मग जितकं आत येतं तितकंच बाहेर जाऊ लागतं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीच्या अमियोडारोनसारखी आठवडे-महिने रेंगाळणारी औषधं आहेत, पण ती मोजकी.

किडनीबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग आपल्या गावानं फार गांभीर्यानं घ्यायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडमध्ये उभा असलेला माणूस घामानं निथळतो, पाणी कमी पितो, संध्याकाळी कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेतो. त्यात तो बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल आणि लघवीची गोळी घेणारा असेल तर काय होतं बघा. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी शरीरातच तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे उघडी राहते. दुखण्याची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, म्हणून ती आकसते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी रामिप्रिल सैल करतं. अंगातलं पाणी आधीच घामानं आणि लघवीच्या गोळीनं उतरलेलं. येणारं रक्त कमी, टिकणारा दाब कमी, मग गाळणी काम थांबवते. यातलं एकेक औषध योग्य माणसाला योग्य वेळी चांगलंच आहे, रामिप्रिल तर मधुमेही किडनीला सांभाळतं. घात होतो तो तिन्ही एकत्र येण्यानं आणि उन्हानं. म्हणून मी मुलांना सांगते की मेडिकलमध्ये उभे राहाल तेव्हा कंबरदुखीची गोळी देण्याआधी विचारा, “काका, बीपीची गोळी चालू आहे का? आज लघवी किती वेळा झाली?”

आणि न मोजलेलं, न औषध घेतलेलं बीपी हे स्वतःच किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. किडनीच्या भीतीनं बीपीची गोळी टाकणं म्हणजे त्याच किडनीला उघड्यावर सोडणं.

“झाडपाल्याचं औषध कधीच अपाय करत नाही”

हृदयासाठीचं डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह जातीच्या एका झाडाच्या पानातून आलं; त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या पानांबद्दल विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ मध्ये सविस्तर लिहिलं. डिगॉक्सिनचा उपयोगाचा आणि विषाचा डोस इतका जवळजवळ आहे की रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, आणि पुडी अचानक सोडली तर माणूस कोसळू शकतो.

घरातलं उदाहरण हवं तर ज्येष्ठमध घ्या. खोकल्याला दोन दिवस चघळला तर काही होत नाही. पण महिनोन् महिने रोज भरपूर घेतला तर शरीरात मीठ-पाणी धरलं जातं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. हे वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी वहीतून मान वर काढून म्हणाली, “मॅडम, आई घसा बसतो म्हणून रोज ज्येष्ठमधाची पूड घेते. डॉक्टरांना हे कधी सांगितलंच नाही.” पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर ती डबीही पिशवीत घालून न्यायची, असं आमचं ठरलं.