ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? मग एवढं वाचून घे भावा

हिंजवडीत एसीत बसून तिसऱ्यांदा अप्रायझलच्या नावाखाली नारळ मिळालेला तू असशील, किंवा पोलीस भरतीत दोन मार्कांनी हुकून आता पारावर बसून रील बघणारा तू असशील, दोघांच्याही डोक्यात सध्या एकच किडा आहे. सगळं सोडायचं आणि ट्रकवर जायचं. मोकळा रस्ता, ढाब्यावरची खाट, लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत देश फुकटात बघायला मिळतो, वर पगार. मी नाशिकला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या (गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या) फाडतो, हेवी गाडीच्या स्टेअरिंगला आयुष्यात हात लावलेला नाही, म्हणजे आमच्या लाइनच्या रिवाजाप्रमाणे ड्रायव्हरला अक्कल शिकवायला एकदम लायक माणूस. तेव्हा ऐक.

पहिलं म्हणजे पात्रतेचं टेन्शन घेऊ नको. वय 20 पूर्ण पाहिजे, हलक्या गाडीचं लायसन निदान वर्षभर जुनं पाहिजे, मग हेवीचं ट्रेनिंग आणि टेस्ट. आठवी पासची अट होती ती सरकारनं 2019 मध्ये काढून टाकली, त्यामुळे तुझी इंजिनिअरिंगची डिग्री आता कुठंही आडवी येणार नाही. आधी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे, ती अटही 2018 ला गेली. म्हणजे तुला एकांत हवा होता ना, तो सरकारी खर्चानं मिळाला बघ.

'स्वतःचा बॉस स्वतः' हे मात्र शंभर टक्के खरं. फक्त तुझ्यावर मालक असतो, मालकावर बुकिंगचा दलाल, दलालावर मालवाली पार्टी, पार्टीच्या गेटवर सिक्युरिटीवाला, आत लोडिंग सुपरवायझर, त्याच्या शेजारी हमालांचा मुकादम, आणि रस्त्यात कुठं झाडाखाली जीप लावून उभे असलेले साहेब. यांच्यापैकी कोणीही तुला कधीही 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारू शकतं, नावाची गरज पडत नाही, नाव फक्त चलानवर लागतं. शिवाय गाडीला जीपीएस आहे. तू शिरपूरच्या पुढं कुठं आडोशाला बसलेला असशील आणि मालकाचा फोन येईल, 'गाडी वीस मिनिटं झाली एका जागी, काय चाललंय?' काय चाललंय ते फोनवर सांगता येण्यासारखं नसतं.

आता ड्रायव्हिंगबद्दल. ड्रायव्हरला ड्रायव्हिंग करायला लागतं हा एक मोठा गैरसमज आहे. ड्रायव्हरचं मुख्य काम थांबणं. गाडी सकाळी सहाला फॅक्टरीच्या गेटवर लागते, टोकन मिळतं, नंबर येईपर्यंत शिफ्ट बदलते, मग सर्व्हर डाऊन असतो, मग जेवणाची सुट्टी, मग 'माल अजून पॅक नाही झाला', आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत घेतलं तर त्याला आपण लवकर घेतलं म्हणतो. गेटच्या आत एक खोली असते, दारावर पाटी, 'चालक विश्रांती कक्ष'. दाराला कुलूप. खिडकीतून बघितलं तर आत रिकामे पुठ्ठे, एक मोडका वॉटर कूलर आणि मागच्या सेफ्टी वीकचा बॅनर विश्रांती घेत असतात. टॉयलेट स्टाफचं आहे, तू स्टाफ नाहीस, तू व्हेंडरच्या व्हेंडरचा माणूस आहेस. म्हणून तू गाडीखाली, दोन चाकांच्या मधे सतरंजी टाकून झोपायचं, आणि झोपेत नंबर पुकारला गेला तर तो गेला, परत मागून लाईन. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी ताटकळल्याचे, पैसे बिल्टीवर छापलेले असतात, मीच लिहितो. ते मिळालेला माणूस भेटला तर मला फोटो पाठव.

लोडिंग झालं की ताडपत्री. हे यूट्यूबवर कोणी दाखवत नाही कारण एका हातात मोबाईल धरून ताडपत्री बांधता येत नाही. पोत्यांच्या थप्पीवर चढायचं, जमिनीपासून बारा-तेरा फूट, पावसाळा असेल तर दोन ताडपत्र्या, वरची जुनी आणि खालची नवी, कडा फाळक्याच्या (गाडीच्या बाजूच्या फळीच्या) खाली दुमडून घ्यायच्या, मग रस्सा या बाजूनं त्या बाजूला फेकायचा, हुकातून ओढायचा, पाय फाळक्याला लावून सगळं अंग मागं टाकून गाठ मारायची, की परत वर. क्लीनर असेल तर तो दुसऱ्या बाजूला. क्लीनर नसेल, आणि हल्ली बहुतेक वेळा नसतोच कारण मालकाला भत्ता वाचवायचा असतो, तर तूच दोन्ही बाजूला. एवढं करून कुठंतरी एक कोपरा फडफडत राहतो, साखरेची चार पोती भिजतात, आणि त्या चार पोत्यांचे पैसे कोणाच्या हिशोबातून वजा होतात हे तू एव्हाना ओळखलं असशीलच. हुशार आहेस.

उतरवताना वाराई, म्हणजे हमालीचे पैसे. माल पाठवणाऱ्याचा, घेणाराही दुसराच, हमाल तिसऱ्याचा, आणि वाराई गाडीवाल्यानं द्यायची. ट्रान्सपोर्टवाल्यांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून मोहीम काढली, बॅनर लावले, निवेदनं दिली, फोटो छापून आले. वाराई आहे तिथं आहे. पावती मागू नको, हसतात.

रूट कोणता घ्यायचा ते तुझ्या स्वभावावर. ॲडव्हेंचर पाहिजे तर रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्लीला आझादपूर मंडीत जा. केळी कच्ची भरतात आणि मग ती आणि तू अशी रेस लागते, तिनं आधी पिकायचं का तू आधी पोचायचं. लेट झालास तर भाडं कापणार, लवकर पोचायला गेलास तर स्पीडचं ई-चलान, ते पण तुझंच. शांतता पाहिजे तर लासलगावचा कांदा गुवाहाटीला ने, अडीच हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, कांद्याला भाव पडला किंवा मधेच निर्यातबंदीची बातमी आली तर माल घेणाऱ्याचा फोन बंद लागतो आणि मग तू ब्रह्मपुत्रेच्या काठावर कांद्यासकट निसर्ग बघत बसतोस. तिथून रिटर्न लोड मिळेपर्यंत हलायचं नाही, खाली गाडी आणली तर मालक तुलाच खाली करेल. (कोकणाचं मला विचारू नको. मुंबई-गोवा हायवेचं काम 2011 पासून चालू आहे, आणि गणपतीत तर तुझ्या गाडीला त्या रस्त्यावर बंदीच असते.)

घाटात ॲव्हरेज सांभाळायचं. मालक म्हणतो गाडी चारचं देते, म्हणजे लिटरला चार किलोमीटर, त्याच्या वर जे डिझेल जाईल ते तुझ्या पगारातून. ट्रॅफिकमध्ये, चढावर, ओव्हरलोड असताना पण चारच, मालकाची गाडी कधी थकत नाही. मग काही जण उतारावर न्यूट्रल मारतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार आहे, गिअर काढला की गाडी आपोआप पळते, डिझेल वाचतं, मजा येते. फक्त इंजिनचा अडसर गेल्यावर तो सगळा बोजा एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, आणि खाली पुलाजवळ ब्रेक दाबला तर पाय नुसताच खाली जातो. नोव्हेंबर 2022 ला तिथं एकाच अपघातात डझनावारी गाड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडं 'ड्रायव्हरचा हलगर्जीपणा', बरोबरच आहे म्हणा, लिटरला चारचा हिशोब ज्या वहीत लिहिलेला असतो ती वही पंचनाम्याला कशाला लागते.

कायदा मात्र पूर्ण तुझ्या बाजूनं आहे, याबद्दल मनात शंका नको. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट 1961 चा होता, नोव्हेंबर 2025 ला त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली; त्या जुन्यात लिहिलं होतं दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, लांबच्या रूटला परवानगीनं 10 पर्यंत, आणि मधे अर्धा तास विश्रांती. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ भारतातला ट्रक ड्रायव्हर रात्री आठ तास झोपतो, कागदावर. दुसरीकडं ई-वे बिलाला (मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद) 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत, टायर फुटला, घाट जाम झाला, बिजासन घाटात दरड नाहीतर कंटेनर आडवा झाला तरी घड्याळ चालू. मुदत वाढवता येते, संपायच्या 8 तास आधी किंवा नंतर, तेवढ्यात ऑफिसमधल्या कोणीतरी फोन उचलायला हवा. ऑफिसमधला कोणीतरी म्हणजे मी. मी रात्री फोन सायलेंटवर ठेवतो.

आणि एसी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, खूप चांगला निर्णय, मनापासून सांगतो. तुला मिळणारी गाडी 2014 ची आहे. तिच्यात इंजिनाची गरम हवा थेट पायावर येते, नागपूरकडं मे महिन्यात ओलं फडकं मानेवर टाकायचं. नवी मिळालीच तर एसीनं ॲव्हरेज पडतं, मग वर वाच.

अपघात झालाच तर काय करायचं हे पण माहीत असू दे. थांबलास तर लोक मारतात, चूक कोणाची ते न विचारता, कारण मोठी गाडी तुझी. पळालास आणि पोलिसांना कळवलं नाहीस तर नव्या न्यायसंहितेत कलम 106(2) आहे, 10 वर्षांपर्यंत कैद. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हर लोकांनी याच्यावर चाकं थांबवली, मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोत टँकर उभे राहिले आणि पंपांवर अशा रांगा लागल्या की विचारू नको. तेव्हा पहिल्यांदा सोसायटीच्या ग्रुपवर ड्रायव्हरची चौकशी झाली, 'हे लोक कधी संपवणार हो संप, माझ्या ॲक्टिव्हात पेट्रोल नाहीये'. सरकारनं ते पोटकलम तूर्त बाजूला ठेवलं, 1 जुलै 2024 ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते तेवढं बाहेर राहिलं. लोकांचा मार मात्र कुठल्याही अधिसूचनेशिवाय लागूच आहे.

तब्येतीचं म्हणशील तर आयटीत तू बारा तास खुर्चीत बसून कंबर मोडून घेत होतास, इथं पण बारा-चौदा तास बसायचंच आहे, फरक एवढाच की खुर्ची हलते. जेवण बाहेरचंच, पण धुळ्याच्या बाजूला शेवभाजी असली मिळते की मूळव्याधीला पण दाद द्यावीशी वाटते. डोळा लागायला लागला की थांबून झोपावं असं हायवेवर बोर्ड आहेत, ट्रक लावायला जागा कुठं आहे त्याचा बोर्ड अजून यायचाय. पेट्रोल पंपावर लावली तर झोपेत टाकीतलं डिझेल जातं. म्हणजे कान उघडे ठेवून झोपायची प्रॅक्टिस आतापासूनच कर.

घरचे काय म्हणतील याची काळजी नको, घरी तू असणारच नाहीस. दिवाळीला आलास तर पोरगं आधी आजीच्या मागं लपेल, मग दोन दिवसांनी ओळख पटेल, आणि तिसऱ्या दिवशी लोड लागलेला असेल.

लग्न व्हायचं असेल तर मात्र थोडं डोकं लावावं लागेल. बायोडाटात ड्रायव्हर असा शब्दच येऊ द्यायचा नाही. 'लॉजिस्टिक्स क्षेत्रात, ऑल इंडिया फिरती, राहण्याची सोय कंपनीतर्फे' असं लिही, आमच्या इथल्या एकाचा मीच तसा लिहून दिला होता. मुलीकडचे खूश झाले, पोहे झाले, चहा झाला. मग मुलीचे मामा, जे स्वतः पूर्वी जेएनपीटीला ट्रेलरवर होते, त्यांनी एवढंच विचारलं, 'गाडी स्वतःची का मालकाची?' तो म्हणाला मालकाची. मुलीला अजून शिकायचंय असं त्यांनी संध्याकाळी फोन करून कळवलं.