‘एवढं तरी वाचून लिहा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. डॅनियल क्रेगच्या पाच बाँडपटांत हा सर्वांत निराश करणारा, आणि ब्लोफेल्ड या त्याच्या जुन्या खलनायकाला बाँडचा लहानपणीचा मानलेला भाऊ करून टाकणं ही त्यातली घोडचूक, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओबरहाउसर (सिनेमातल्या ब्लोफेल्डचं मूळ आडनाव) हे पात्र मुळात बाँडचा लेखक इयान फ्लेमिंगचंच आहे, एवढं तरी वाचून लिहा, सिनेमाने बक्कळ पैसा कमावला, आणि इतक्या लोकांच्या मेहनतीला घरबसल्या नावं ठेवायला काही लागत नाही.

मतभेदाचं मला वावडं नाही. याच ब्लॉगवर लोकांनी माझ्याशी कडाडून वाद घातले आहेत आणि त्यातले काही आज चांगले मित्र आहेत. पण तुम्ही वाद घातलाच नाहीत. मला ओळखत नसताना एका ओळीत अडाणी ठरवून मोकळे झालात. हेच समोर बसून, चहाचा कप हातात असताना, या शब्दांत बोलला असतात का? मला नाही वाटत.

वाचण्याचा विषय काढलाच आहे तर सांगतो. फ्लेमिंग मी कॉलेजात असताना वाचला, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या ‘पॅन’ प्रकाशनाच्या जुन्या पेपरबॅकमधून. मराठी माध्यमातून आलो होतो, शेजारी डिक्शनरी उघडी असायची. ती मुखपृष्ठं बघून वडील संतापायचे, म्हणून पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली असायची. ती पुस्तकं आजही माझ्याकडे आहेत. तेव्हा वाचनाचा उपदेश दुसऱ्या कुणाला तरी करा.

आता ओबरहाउसर. नाव फ्लेमिंगचं आहे, मान्य. लेखात त्याचा उल्लेख असता तर बरं झालं असतं, हेही मान्य. पण तुम्ही स्वतः ती कथा वाचली आहे का? ‘ऑक्टोपसी’ ही फ्लेमिंगच्या मृत्यूनंतर १९६६ साली पुस्तकात आलेली कथा. तिच्यातला हानेस ओबरहाउसर बाँडला स्कीइंग शिकवतो, पोरक्या मुलाला वडिलांची माया देतो. युद्ध संपता संपता एक ब्रिटिश मेजर नाझी सोन्यासाठी त्याला गोळी घालतो आणि अनेक वर्षांनी त्याचं प्रेत हिमनदीतून बाहेर येतं. त्याचा माग काढत बाँड जमैकाला त्या मेजरच्या दारात उभा राहतो. तो आपणहून का आला, याचं उत्तर तो शेवटी मोजक्या वाक्यांत देतो. माझ्या लेखी फ्लेमिंगने बाँडचं काळीज इतकं क्वचितच उघडं केलं आहे.

त्या कथेत ब्लोफेल्ड कुठेही नाही. फ्लेमिंगचा ब्लोफेल्ड ग्डिनियाचा, वडील पोलिश, आई ग्रीक. ओबरहाउसरच्या घराशी त्याचं काडीचं नातं नाही. पडद्यावर मात्र तो हानेसचा मुलगा फ्रान्झ ओबरहाउसर होतो, वडिलांनी बाँडला जीव लावला म्हणून त्यांनाच मारतो आणि त्याच जळफळाटात जगभर हेरगिरीचं जाळं विणतो. नाव मूळ लेखकाचं घेतलं म्हणून गोष्ट त्याची होत नाही. फ्लेमिंगने ज्या माणसाच्या आठवणीने बाँडला हळवं केलं, त्याच माणसाला इथे खलनायकाच्या रुसव्याचं निमित्त करून टाकलं आहे. तुम्ही फ्लेमिंगचे चाहते असाल तर माझ्याआधी तुम्हाला चीड यायला हवी होती.

हे घडलं कसं, तेही बघा. ‘थंडरबॉल’च्या कथेवर फ्लेमिंगसोबत काम केलेल्या केविन मॅक्लोरीशी तिच्या हक्कांवरून सुरू झालेला कज्जा दशकानुदशकं रेंगाळला, म्हणून ब्लोफेल्ड आणि त्याची गुन्हेगारी संघटना स्पेक्टर ही नावं अधिकृत मालिकेत पुढे कित्येक वर्षं वापरता येत नव्हती. २०१३मध्ये ते हक्क मिळाले आणि २०१५मध्ये ‘स्पेक्टर’ आला. हाती आलेलं नाव वापरायची घाई समजू शकतो. पण नवी गोष्ट रचायची सोडून निर्मात्यांनी क्रेगचे आधीचे तीन सिनेमे ओढून या एका माणसाच्या दावणीला बांधले. हेरखात्याचा तंत्रज्ञ क्यू लॅपटॉपसमोर बसून एक अंगठी तपासतो आणि त्या अंगठीवरून त्या तीन सिनेमांतले खलनायक ल शिफ्र, ग्रीन, सिल्वा सगळे एकाच टोळीचे निघतात! पुढे एमआय सिक्स या ब्रिटिश हेरखात्याच्या पडक्या इमारतीत बाँडच्या प्रेयसीचे, व्हेस्परचे, आणि त्याच्या वरिष्ठ बाईंचे, एमचे फोटो भिंतीवर डकवलेले. ज्या मृत्यूंनी आपण हललो होतो, त्यांच्या झेरॉक्स.

ल शिफ्र आणि ग्रीनचं मी चालवून घेतो, कारण त्यांच्यामागे संघटना होतीच. पण सिल्वा? ‘स्कायफॉल’मध्ये तो काचेच्या कोठडीत एमसमोर तोंडातला कृत्रिम जबडा काढतो आणि सायनाइडने जळालेला गाल खाली लोंबतो, ते आठवा. तिने आपल्याच या जुन्या हेराला चिन्यांच्या हवाली केलं होतं, त्याचं वैर तिच्याशी होतं, त्यात तिसऱ्या कुणाला जागाच नव्हती. त्याला ब्लोफेल्डचा पगारी माणूस ठरवलं की ‘स्कायफॉल’च मोडतो. माझ्या लेखाचा गाभा हा होता आणि त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही.

बाकी मुद्द्यांवर फार लिहीत नाही. कमाई सुमारे ८८ कोटी डॉलर झाली, ठीक. तिकिटात माझेही पैसे होते, ते काही पसंतीची पावती नव्हेत. मेहनतीचं म्हणाल तर मेक्सिको सिटीतल्या मृतांच्या दिवसाचा तो सुरुवातीचा लांबलचक शॉट मी लेखात मनापासून वाखाणला आहे. तो परिच्छेद तुम्ही गाळून वाचलात. आपल्याकडे सेन्सॉरने चुंबनं निम्म्यावर आणली, त्यावरच तेव्हा एवढा गदारोळ झाला की पटकथेवर कुणी धड बोललंच नाही. म्हणून तर इतक्या उशिरा लिहावंसं वाटलं.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. पण पुन्हा लिहाल तेव्हा माझं वाचन सोडा आणि सिल्वाबद्दल लिहा. त्याच्या सूडाला ब्लोफेल्डची गरज कुठे होती, तेवढं मला दाखवून द्या.