साहेब हवेत, पण साडेनऊला

चांगला माणूस मिळत नाही, ही तुमची तक्रार कानावर आली. व्हाइस प्रेसिडेंटची खुर्ची आठ महिने रिकामी, कन्सल्टंटचं बिल मात्र दरमहा वेळेवर. असो. धीर सोडू नका आणि नियम तर मुळीच सोडू नका.

मार्चमध्ये आलेल्या त्या बाईंचंच घ्या. अठरा वर्षांचा अनुभव, दोनशे माणसं सांभाळलेली. सगळं जुळत आलं होतं, पगारसुद्धा. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आठवड्यातून दोन दिवस घरून काम केलं तर चालेल ना?" तुम्ही तिथेच ओळखलंत, यांच्यात नेतृत्वगुण नाहीत. खरा नेता कोथरूडहून पावणेआठला निघतो, वाकडच्या पुलाखाली पाऊण तास घाम पुसत बसतो, हिंजवडी फेज थ्रीत ९:३२ ला मशीनवर अंगठा टेकवतो. मशीन 'लेट' म्हणतं. तिसऱ्या लेटला अर्धा दिवस कापला जातो. मग तो हेडफोन चढवून चेन्नईच्या टीमशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. घरून हे कसं जमणार? घरून चेन्नई लांब पडते.

बाईंनी पाळणाघराचंही विचारलं म्हणे. ५० किंवा जास्त माणसं असली की ते हवंच, असं २०१७ पासून कायदा सांगतो. तुमच्याकडे आहे की! दारावर फुलपाखरं चिकटवलेली खोली, आत जुने प्रिंटर. तपासणीच्या दिवशी तेवढे जिन्याखाली हलवा.

लवचिकपणाला आपला विरोध नाही, फक्त तो योग्य मजल्यावर हवा. स्टारबक्सने २०२४ मध्ये ब्रायन निकोल यांना सीईओ नेमलं, तेव्हा सिअ‍ॅटलला बिऱ्हाड हलवा असा हट्ट धरला नाही. कॅलिफोर्नियातच छोटं ऑफिस दिलं आणि दीड हजार किलोमीटरच्या ये-जा साठी कंपनीचं विमान. मुख्यालयातल्या इतरांना पुढच्याच वर्षी बजावलं, आठवड्यातले चार दिवस हजर राहा. याला म्हणतात धोरण! विमान तुम्हाला परवडायचं नाही, पण लोणावळ्याच्या बंगल्यातून दर शुक्रवारी तुम्ही 'स्ट्रॅटेजी' करताच, तेही काही कमी नाही.

त्या बाई समोरच्या टॉवरमध्ये रुजू झाल्यात. मंगळवारी-गुरुवारी घरून काम करतात. तुमचे तिघे त्यांच्या मागोमाग निघालेत, पण नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, तोवर अंगठे आपलेच.

जाहिरात पुन्हा द्या. त्यातली 'उमेदवार फ्लेक्झिबल असावा' ही ओळ या वेळी ठळक छापा.