सिस्टरला बोलू द्या ना!

दुपारपासून डोकं गरम आहे, लिहिलं नाही तर झोप लागणार नाही म्हणून लिहून राहिली.

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. हॉस्पिटल नागपूरच्या धंतोलीतलं, नाव नाही लिहीत. सर्जन राउंडला आले, मागे पाचसहा जण, आणि ड्युटीवरची सिस्टर, असेल चोवीस-पंचवीसची, हळूच म्हणाली, "सर, पेशंटला स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी आज सकाळीही घेतली आहे." (स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळीची नळी.) तर साहेब काय म्हणाले? "मला शिकवता का सिस्टर? तुमचं काम करा." अख्ख्या वॉर्डासमोर! पोरगी खाली मान घालून उभी. आणि दहा मिनिटांनी त्याच साहेबांनी फाइल मागवली, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर ढकललं. सिस्टरला एक शब्द नाही. सॉरी जाऊ द्या, "बरं झालं सांगितलं" एवढं तरी?

स्टेंटवाल्या माणसाची ती गोळी आपल्या मनानं बंद करता येत नाही, आणि चालू ठेवून चिरा दिला तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणजे दोन डॉक्टरांनी आपसात बोलल्याशिवाय हे जमणारच नाही. मग ते बोलणं घडवून कोणी आणायचं, मावशीनं? तिला तर गोळीचं नावही वाचता येत नाही, ती "सकाळची गुलाबी" म्हणते.

मला बाबांचा तो मे महिना आठवला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा भेटायला आले होते. पारा पंचेचाळीसवर, बाबांचं पाणी पिणं कमी, वरून दोन दिवस जुलाब. बीपीची गोळी एका डॉक्टरांची, त्यातच लघवी वाढवणारं औषधही होतं, आणि गुडघ्यासाठी पेनकिलर दुसऱ्या डॉक्टरांची. दोन्ही दवाखाने एकाच गल्लीत, पायी तीन मिनिटं. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं कधी बघितली नाही आणि आम्हीही दाखवली नाही, कारण आम्हाला काय माहीत! अ‍ॅडमिट केलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा, ३.४, खूपच वाढलेलं. तिथल्या सिस्टरनं आमच्या औषधांची पिशवी पलंगावर ओतली, एकेक स्ट्रिप वाचली आणि म्हणाली, "बीपीचं, लघवीचं आणि पेनकिलर, ही तिन्ही औषधं सोबत चालू आहेत का? अशा उन्हात किडनीवर ताण येतो." ती सरळ डॉक्टरांकडे गेली. आणि ते डॉक्टर, हे महत्त्वाचं, ते चिडले नाहीत. त्यांनी गुडघ्यावाल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. चार मिनिटं बोलले असतील. पेनकिलर बंद, बीपीची बदलली, सलाइन, आणि आठव्या दिवशी बाबा घरी.

चार मिनिटं हो!

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, त्यात चिरा द्यायच्या आधी सगळ्यांनी थांबायचं आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, मग शंका असेल तर बोलायचं. ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत करून पाहिलं, त्यात आपली दिल्लीही होती, तर मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. आणि आपल्याकडे सिस्टरनं तोंड उघडलं की "मला शिकवता का".

हो, डॉक्टरांवर लोड असतो, मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या, ओपीडीची रांग मीही पाहिली आहे, आणि उद्या काही झालं तर नातेवाईक डॉक्टरचीच कॉलर धरतात, सिस्टरची नाही. मान्य. पण म्हणूनच तर आणखी दोन डोळे कामी येतात ना? बाबांच्या वेळी डॉक्टरांना लोड नव्हता का, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी त्यांनी फोन लावला.

औषधाच्या दुकानातल्या माणसाचंही तेच. वर्षानुवर्षं बाबांच्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच काउंटरवर जायच्या. शिकलेला फार्मसिस्ट आहे तो, पण त्याला वाटत असणार, डॉक्टरला मी कोण विचारणारा. आपण सगळ्यांनी मिळून हे असं करून ठेवलं आहे, आणि त्यात मीही आले, मी पण त्याला फक्त "दहा टक्के कमी करा" एवढंच म्हणायची.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या पोरीचं नाव काय गं?" मला सांगता आलं नाही. मग लक्षात आलं की बाबांच्या वेळच्या सिस्टरचंही नाव आमच्या घरात कोणाला माहीत नाही, डॉक्टरांचं सगळ्यांना पाठ आहे.

उद्या अकराला मावशीचा डिस्चार्ज आहे. बाबा म्हणतात, मी पण येतो.