जास्त अँपिअर म्हणजे जास्त बास? नाही हो

घरी अँप बनवणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतोय सध्या, मला पण चार जणांनी पाठवला. ट्रान्सफॉर्मर घेताना म्हणे चार गोष्टी पाळा: २४-०-२४ (मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २४-२४ व्होल्ट देणारा) घ्या, कुठल्याही अँप बोर्डाला चालतो आणि दम वाढतो, अँपिअर जेवढे जास्त तेवढा बास, टोरॉइड (गोल रिंगसारखा ट्रान्सफॉर्मर) लावला की हम (स्पीकरमधली गुणगुण) गायब, आणि वाइंडिंग तांब्याचंच बघा.

पहिली गोष्ट तर सरळ बोर्ड जाळणारी आहे. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं व्होल्टेज एसीचं असतं, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर ते साधारण १.४ पट होतं. म्हणजे २४-०-२४ चे प्लस मायनस ३३ व्होल्ट डीसीच्या आसपास, आणि लाइन २५० ला गेली की अजून वर. टीडीए २०३० या अँपच्या आयसीची मर्यादा प्लस मायनस १८ व्होल्ट, २०३०ए ची २२. मी कॉलेजात असताना १८-०-१८ लावून एक उडवलाय, फट् आवाज आला आणि खोलीभर वास, आई स्वयंपाकघरातून धावत आली. त्याला १२-०-१२ च बरा. टीडीए ७२९४ हा मोठा आयसी असेल तर २४-०-२४ खुशाल लावा, तेही ८ ओहमच्या स्पीकरवर. आणि दम म्हणाल तर वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) वाढतात, कानाला "थोडंसं वाढलं" एवढंच कळतं.

अँपिअरचं अर्धं खरंय. कमी पडले तर ढोल वाजला की व्होल्टेज बसतं आणि आवाज फाटतो, हे मान्य. पण पुरेसे झाल्यावर ५ चे १० केले म्हणून बास येत नाही, बोर्ड लागेल तेवढाच करंट ओढतो. (त्यामुळे "जास्त अँपिअरने बोर्ड जळतो" हेही खोटं, फक्त फ्यूज नीट टाका.) खरी मेख वेगळीच आहे, ५ अँपिअर एसीतून डीसी सतत ३ च्या आसपासच मिळतो, ते कोणी सांगत नाही.

हमचं म्हणाल तर आधी ऐका कसला आहे. १०० हर्ट्झची घरघर असेल तर फिल्टर किंवा ग्राउंडचं वायरिंग बघा, टोरॉइड काही करणार नाही. ५० ची जाड गुणगुण असेल तर ईआय (नेहमीचा चौकोनी पट्ट्यांचा) ट्रान्सफॉर्मर प्रीअँपपासून (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागापासून) लांब सरकवून, फिरवून बघा, बऱ्याचदा फुकटात काम होतं. टोरॉइड चांगलाच असतो, पण मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या पेटीला टेकली तर तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जातो. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वायरीत सिरीजला बल्ब लावाच, शॉर्ट असेल तर तोच पेटेल.

तांब्याचं मात्र बरोबर लिहिलंय. तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची तार दीडपटीहून जास्त रेझिस्टन्स देते आणि तापते. दुकानातच तारेच्या टोकाचं इनॅमल ब्लेडने जरा खरवडायला सांगा, आतून पांढरी निघाली तर परत द्या.