‘मला माहीत नव्हतं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल : तुमच्या कमेंटला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट आली त्याच रात्री वाचली होती, पण तेव्हाच लिहायला बसले असते तर रागात काहीतरी लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. आज परत वाचली आणि त्यातल्या एका मुद्द्यावर मला माझं म्हणणं बदलावं लागतंय. तो पुढे येईलच.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की माणसांच्या तस्करीत दलाल पकडला जातो, अड्डा चालवणारी पकडली जाते, मुलींची ने-आण करणारा ड्रायव्हरसुद्धा आरोपी होतो, आणि ज्याच्या पैशावर हे सगळं चालतं तो गिऱ्हाईक मात्र दंड भरून नाहीतर नुसता जबाब देऊन घरी जातो, त्याला सरसकट १० वर्षं आत टाका. त्यावर तुम्ही लिहिलंत की समोरची बाई विकत आणलेली आहे हे त्याला कळणार कसं, शिक्षा वाढवली की धंदा आणखी लपतो आणि मार बायकांनाच बसतो, आणि तुमच्या ओळखीतला एकजण अशाच धाडीत सापडला, पुढे निर्दोष सुटला, पण तोवर नोकरी गेली आणि संसारही मोडला.

‘कळणार कसं’ यावर आधी बोलते, कारण हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. सुटका झालेल्या मुलींचे जबाब घेताना भाषा समजत नाही म्हणून मला काही वर्षं भाषांतराला बोलवायचे. त्यात एक १७ वर्षांची मुलगी होती. ती ज्या खोलीत होती त्या खोलीच्या खिडकीला फळी ठोकलेली होती, खिळे मारून. एका गिऱ्हाइकानं तिला विचारलं, ही खिडकी अशी का बंद केलीय? ती म्हणाली, मला उघडता येत नाही. तो ‘बरं’ म्हणाला आणि बूट काढायला लागला. जबाब घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, इतके लोक येऊन गेले त्यात हाच कसा लक्षात राहिला? तर म्हणाली, विचारणारा तो एकटाच होता, मला वाटलं आता हा बाहेर जाऊन कुणाला तरी सांगेल.

हे भाषांतर करून सांगताना माझा आवाज लागत नव्हता. त्या माणसाला माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणाल का? त्यानं पाहिलं, त्याला खटकलं, त्यानं विचारलंसुद्धा, आणि उत्तर ऐकून पुढे गेला. आणि बहुतेक ठिकाणी काहीतरी दिसतंच हो, म्हणजे फोन तिचा नसतो, बोलणी दुसराच कुणीतरी करतो, पैसे तिच्या हातात पडतच नाहीत, दाराला कडी बाहेरून असते, वय विचारलं की पाठ केल्यासारखं उत्तर येतं आणि ते देताना ती दाराकडे बघत असते. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून लगेच गुन्हेगार असं मी म्हणत नाहीये. पण तीन-चार एकत्र दिसत असताना ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर कोर्टात चालता कामा नये.

आणि कायद्यात हा विचार नवा नाही. फिनलंडनं २००६ साली तस्करीत अडकलेल्या व्यक्तीकडून सेक्स विकत घेणं गुन्हा ठरवलं, पण गिऱ्हाइकाला हे माहीत होतं असं सिद्ध करणं फार अवघड जायला लागलं, मग २०१५ मध्ये त्यांनी कायदा बदलला आणि संशय यायला कारण होतं एवढंही पुरेसं धरलं. आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीत भारतीय दंड संहितेत ३७०अ कलम आलं आणि आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १४४ आहे, त्यातही माहीत असताना ‘किंवा तसं मानायला कारण असताना’ असंच आहे, प्रौढ व्यक्ती असेल तर ३ ते ७ वर्षं आणि मूल असेल तर ५ ते १०. म्हणजे शब्द आहेत. पण ते ‘कारण’ सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि खिडकीची ती फळी, ती बाहेरची कडी, फोन कुणाच्या नावावर होता, हे पंचनाम्यात नीट लिहिलंच गेलं नाही तर गिऱ्हाइकाविरुद्ध कोर्टात ठेवणार काय? शिक्षा वाढवा म्हणताना मी हे लिहायला हवं होतं, नुसता वर्षांचा आकडा वाढवून भागत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा, धंदा लपतो हा. इथे तुम्ही आणि मी वेगवेगळ्या कायद्यांबद्दल बोलतोय असं मला वाटतं. स्वीडननं १९९९ पासून आणि फ्रान्सनं २०१६ पासून सेक्स विकत घेणंच गुन्हा ठरवलं, मग बाई स्वतःच्या मर्जीनं असो की नसो. त्यावर वाद आहे आणि तो खरा वाद आहे, अॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेनं २०१६ मध्ये याच्या उलट, मर्जीनं झालेला व्यवहार गुन्हा धरू नये, अशी भूमिका घेतली, फ्रान्समध्ये तर हा व्यवसाय करणारेच या कायद्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये हरले. त्या लोकांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पण मी मागत होते ते याहून खूप अरुंद आहे. जर्मनी बघा. तिथे हा व्यवसाय कायदेशीर आहे, आणि तरीही जबरदस्तीनं आणलेल्या व्यक्तीकडे तिच्या असहाय्यतेचा फायदा घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला २०१६ पासून जेल आहे, आणि २०२१ पासून दिसत असून डोळेझाक करणाऱ्यालाही आहे. म्हणजे स्वतःच्या मर्जीनं काम करणाऱ्या बाईला हात न लावता हे करता येतं. माझ्या पोस्टमध्ये हा फरक नीट आला नव्हता, ती चूक माझी.

आणि त्याच जर्मन कलमात एक गोष्ट आहे जिच्यामुळे मी माझं ‘सरसकट १० वर्षं’ मागे घेतेय. जो गिऱ्हाईक स्वतःहून पोलिसांना जाऊन सांगतो की तिथे अशी मुलगी आहे, त्याला शिक्षा होत नाही. तुम्ही लिहिलं होतंत की इतकी मोठी शिक्षा ठेवली तर तोंड उघडायला कुणी धजणारच नाही, आणि ते वाचल्यावर मला तीच मुलगी आठवली, तिची सगळी आशा ज्या एका माणसावर होती त्यालाच आपण आधी घाबरवून गप्प करायचं का? नाही. जो सांगेल त्याला वाट ठेवायला हवी. जो ‘बरं’ म्हणून बूट काढतो त्याला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी तसूभरही मागे येणार नाही. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या माणसांच्या तस्करीविरुद्धच्या करारात, १८ वर्षांखालच्या मुलाबाबत जबरदस्ती झाली का, फसवलं का हे बघायचंच नाही असं आहे, शोषणासाठी आणलंय एवढं पुरे. अमेरिकेनं २०१५ मध्ये तस्करीच्या मुख्य कलमातच गिऱ्हाईक स्पष्ट शब्दांत घातला, त्यात मुलाच्या वयाप्रमाणे कमीत कमी १० किंवा १५ वर्षं. बरोबर केलं.

दंडाबद्दलही एक सांगते. फ्रान्समध्ये पहिल्यांदा पकडल्यावर जास्तीत जास्त १५०० युरो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी ती एक पावती आहे, बस. स्वीडनमध्येही कितीतरी वर्षं बहुतेकांचं दंडावरच भागायचं, शेवटी २०२२ मध्ये त्यांनी दंडाचा पर्यायच काढून टाकला.

(आणि हो, गिऱ्हाईक म्हटलं की आपण सेक्सवरच अडकतो. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या नियमात तस्करी झालेल्या माणसाकडून माहीत असताना कुठलंही काम करून घेणं गुन्हा धरायला सांगितलंय, म्हणजे घरात कोंडून ठेवलेल्या मुलीकडून धुणीभांडी करून घेणाराही त्यात येतो. पण तिथेही ‘माहीत असताना’वरच थांबलेत, तेवढं मला कमी वाटतं.)

राहिला तुमच्या ओळखीतला माणूस. दोष सिद्ध झालेला नसताना त्याचं नाव सगळीकडे झालं, फोटो फिरले, हे चूकच झालं आणि त्याबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे, चार्जशीट होईपर्यंत तरी नाव बाहेर येता कामा नये असं मला वाटतं. फक्त तुम्ही लिहिलंय की तो ‘निर्दोष’ सुटला. कशावरून सुटला ते लिहाल का? तिथे तस्करीच झाली नव्हती म्हणून, की त्याला संशय यायला कारण होतं हे सरकारी वकिलांना दाखवता आलं नाही म्हणून? पहिलं असेल तर त्याच्यावर अन्याय झालाय आणि पोस्टमध्ये मी तसं वर लिहीन. दुसरं असेल तर त्या खोलीत त्यानं काय पाहिलं होतं, हे एकदा त्याला विचाराल?